लंगरातलं यंत्र आणि आजीचा राग



आपल्या शंकांच्या पिशवीतून या आठवड्यात निघालेलं पत्र चांगलं चार पानी आहे. नांदेडहून सहावीतल्या एका मैत्रिणीनं पाठवलंय. सुट्टीत ती, तिचा दादा, आई-बाबा आणि आजी असे सगळे सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला गेले होते. सुवर्णमंदिर पाहिलं, सरोवराला प्रदक्षिणा घातली, लंगरात जेवले, आणि बाहेर आल्याआल्या आजीचं नि दादाचं भांडण जुंपलं. कशावरून म्हणाल? तर रोटीवरून!

झालं असं, की लंगराच्या स्वयंपाकघरात त्यांना रोट्या करणारं यंत्र दिसलं. एका बाजूनं कणीक आत, दुसऱ्या बाजूनं रोट्या बाहेर. दादा जाम खूश. आजीचं मात्र बिनसलं. ती म्हणाली, “बटण दाबलं की झालं, ही कसली सेवा? उद्या हात जोडायलाही यंत्र आणतील!” दादा म्हणाला, “आजी, पोट भरल्याशी मतलब. रोटी कुणी लाटली हे कोण विचारतंय?” झालं! परतीच्या गाडीत दोघं एकमेकांशी बोलेनात. वाटेत स्टेशनावर सेवकांनी डब्यापाशी आणून दिलेला लंगर मात्र दोघांनी निमूट खाल्ला म्हणे. “ताई, दोघांतलं बरोबर कोण ते तुम्ही सांगा,” असं लिहून आमच्या मैत्रिणीनं त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा ओढल्यात.

आली का पंचाईत! आजीला चूक ठरवावं तर पुढेमागे नांदेडला गेले तर चहासुद्धा मिळायचा नाही. दादाला चूक म्हणावं तर तो हिशेब मांडून बसणार. तेव्हा आपण दोघांचंही नीट ऐकून घेऊ.

ज्यांना लंगर ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. शीख धर्माचे पहिले गुरू नानकदेव. त्यांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या शिकवणुकीतल्या तीन गोष्टी लहान शीख मुलांनाही पाठ असतात. देवाचं नाव घ्या, प्रामाणिकपणे कष्ट करून कमवा आणि मिळालेलं वाटून खा. लंगर आला तो यातल्या तिसऱ्या गोष्टीतून. गुरुद्वाऱ्यात कुणीही जावं, जमिनीवर पंगतीला बसावं आणि पोटभर जेवावं. जात कुणी विचारत नाही, धर्म विचारत नाही, पैसे तर नाहीच नाही. राजा आला तरी त्यानं त्याच पट्टीवर बसायचं. कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या हातचं चालत नाही, याचे कडक नियम पाळले जायचे त्या काळातली ही गोष्ट आहे, हे विसरू नका हं. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळायच्या. त्यांचं नाव आणि त्यांच्या लंगरातली तुपाची खीर खुद्द गुरू ग्रंथसाहिबात आली आहे. पंगतीला वाढणाऱ्या बाईचं नाव धर्मग्रंथात! असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता दादाचा हिशेब. अमृतसरच्या लंगरात रोज साधारण ५० हजार ते १ लाख माणसं जेवतात. लंगर रात्रंदिवस चालू असतो. समजा, सणाचा दिवस आहे आणि १ लाख माणसं आली. प्रत्येकानं दोनच रोट्या खाल्ल्या, तरी झाल्या २ लाख. एक रोटी लाटायला एक मिनिट धरू. (तुमच्यापैकी ज्यांना माझ्यासारखं नकाशे लाटायची सवय आहे त्यांनी दोन मिनिटं धरावीत.) मिनिटाला एक म्हणजे तासाला ६०. मग २ लाख भागिले ६०, कागदावर करून बघा, ३,३३३ तास! एका माणसानं मान वर न करता आठ तास लाटलं, तर अशी ४१७ माणसं फक्त लाटायलाच लागली. कणीक मळणारे वेगळे, भाजणारे वेगळे, वाढणारे वेगळे.

म्हणून तिथं यंत्रं आली. मळायला यंत्र आहे. मळलेली कणीक रोटीच्या यंत्रात पडते, तिच्या चपट्या गोल चकत्या होतात, त्या सरकत्या पट्ट्यावरून आचेवरून जातात, फुगतात आणि पलीकडे टपाटप पडतात. तासाला हजारोंनी. दादाचं म्हणणं असं, की पंगतीत बसलेल्याला भूक लागलेली आहे. त्याला ताटकळत ठेवून हातानं लाटत बसणं, ही सेवा कशी?

दादाच्या बाजूनं मी आणखी एक साक्षीदार आणणार आहे, आणि तो साधासुधा नाही. अमृतसरजवळ छेहरटा नावाचं गाव होतं. आता ते शहरातच आलंय. या नावाची गंमत सांगते. पंजाबीत ‘छे’ म्हणजे सहा आणि ‘हरट’ म्हणजे आपला रहाट. विहिरीवरचं रहाटगाडगं तुम्ही निदान चित्रात तरी पाहिलं असेल. बैल गोल फिरतात, चाक फिरतं, चाकावरच्या माळेतली मडकी खाली जाऊन भरून वर येतात आणि पाटात रिकामी होतात. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथं पाण्यासाठी एक विहीर खणवली, ती इतकी रुंद, की तिच्यावर एका वेळी सहा रहाट चालायचे. म्हणून छेहरटा. त्या काळातलं पाणी उपसायचं मोठं यंत्रच होतं ते! पोहऱ्यानं पाणी काढलं तरच पुण्य लागतं, असं काही गुरूंनी म्हटलं नाही. शेतं सुकत होती, माणसं तहानली होती, सहा रहाट लावले, विषय संपला.

नानकदेवांचीही एक गोष्ट सांगतात. त्यांनी श्रीमंत मलिक भागोचं पंचपक्वान्नांचं जेवण नाकारलं आणि भाई लालो नावाच्या गरीब सुताराच्या घरची कोरडी भाकर खाल्ली. गोष्टीत पुढं असं येतं, की दोघांकडचं अन्न हातात धरून पिळलं, तेव्हा लालोच्या भाकरीतून दूध आलं आणि भागोच्या अन्नातून रक्त. लालो सुतार होता. करवत, रंधा, पटाशी हीच त्याची यंत्रं. हत्यारं कोणती वापरलीस, हे नानकांनी त्याला विचारलं नाही. अन्न कष्टाचं आहे की लुबाडलेलं, एवढंच पाहिलं.

एवढ्यावर दादा जिंकला असं वाटतंय ना? थांबा. आजीचं म्हणणं ऐकायचं राहिलंय.

शीख धर्मात ‘हौमै’ असा एक शब्द आहे. ‘हौ’ म्हणजे मी आणि ‘मै’ म्हणजेही मीच. ‘मी, मी’ करत फिरणं, म्हणजे आपला अहंकार. माणसाला जडलेला हा मोठा रोग आहे असं गुरूंनी सांगितलंय. त्यावरचा एक उपाय म्हणजे सेवा. म्हणजे बघा, लंगरातली सेवा फक्त जेवणाऱ्यासाठी नाही, ती करणाऱ्यासाठीसुद्धा आहे. जेवणाऱ्याची भूक भागते आणि करणाऱ्याचा ताठा उतरतो. गुरुद्वाऱ्याच्या दारात जोडाघर असतं, तिथं आलेल्यांच्या चपला-बूट सांभाळायचे, पुसून ठेवायचे. मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसंही तिथं बसून अनोळखी लोकांचे धुळीनं भरलेले जोडे पुसतात. आता जोडे पुसायला यंत्र काही अवघड नाही. पण यंत्रानं जोडे पुसले तर फक्त जोडे स्वच्छ होतील. साहेबांचं काय?

आजीला नेमकं हेच म्हणायचं होतं, फक्त रागाच्या भरात ते तिला नीट सांगता आलं नाही. (मला तरी कुठं येतं! वर्गात गोंधळ झाला की माझंही असंच होतं.)

म्हणूनच अमृतसरला यंत्र आलं, तरी तव्याभोवतीची बायामाणसं उठून गेली नाहीत. एकीकडे यंत्र चालतं, दुसरीकडे मोठमोठ्या तव्यांवर हातच्या रोट्या भाजल्या जातात. तिथं पगारी सेवक आहेत, पण त्यांच्याबरोबर दूरदूरहून आलेली माणसंही येऊन बसतात. लसणाच्या पाकळ्या सोलतात, कांदे चिरतात, ताटं घासतात. ताटं घासण्याच्या जागेचा खणखणाट तर असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि पंगतीत रोटी घ्यायची ती दोन्ही हातांची ओंजळ पुढं करून. रोटी यंत्राची असो की हातची, ओंजळ तीच.

असंच कोडं एका वेगळ्याच ठिकाणी पडलंय, आणि त्याचा धागा पुन्हा नांदेडला येतो. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला होते. यापुढे कुणी माणूस गुरू असणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असं त्यांनी तिथं सांगितलं. म्हणून गुरू ग्रंथसाहिबाला शीख लोक नुसती पोथी मानत नाहीत. ते गुरूच आहेत. सकाळी ग्रंथ उघडतात, वर चांदवा असतो, चवरी ढाळतात, रात्री वेगळ्या खोलीत नेऊन निजवतात. त्याची पानं १,४३०. छापील प्रत कुठलीही घ्या, पानं तेवढीच असतात. आपल्या नामदेवांची ६१ पदंही त्यात आहेत बरं का!

आता हा सगळा ग्रंथ मोबाइलवर मिळतो. मग सांगा, मोबाइल गुरू झाला का? तो खिशात ठेवायचा? जेवताना ताटाशेजारी ठेवायचा? त्याच्यावर गाणी नि खेळही असतात, त्याचं काय? शीख घरांमधून हे प्रश्न खरोखर निघतात. पुष्कळ जण मोबाइलवर वाचतानाही डोकं झाकतात, पायातलं काढून बसतात. ग्रंथाला जसं चांदव्याखाली ठेवतात तसं मोबाइलला मात्र कुणी ठेवत नाही. वाचायला मोबाइल चालतो, गुरूच्या जागी नाही.

परदेशातल्या गुरुद्वाऱ्यांमध्ये तर भिंतीवर पडदा असतो. इंग्लंड-कॅनडात जन्मलेल्या कितीतरी मुलांना गुरुमुखी लिपी वाचता येत नाही. कीर्तन चालू असताना पडद्यावर ती ओळ आणि खाली इंग्रजी अर्थ येतो. त्यासाठी ‘सिखी टू द मॅक्स’ नावाचा संगणकाचा कार्यक्रम आहे. त्यात ओळ शोधायची युक्ती मला फार आवडली. अख्खी ओळ लिहायची नाही, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं द्यायचं. म्हणजे ‘माझं पुस्तक घरी राहिलं’ हे शोधायचं तर ‘म प घ र’! (हे वाक्य माझ्या वर्गात रोज ऐकू येतं, म्हणून चटकन सुचलं.) गाणाऱ्यानं ओळ उचलायच्या आत पडद्यावर ती यायला हवी, म्हणून ही घाई. यावरही थोडी कुरबूर आहेच. लोक गुरूकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघतात, असं काही जण म्हणतात. पण ज्या मुलाला एक अक्षर कळत नव्हतं त्याला आता अर्थ कळतो, त्याला तुम्ही काय सांगाल?

अमृतसरचं कीर्तन आज जगभर घरबसल्या दिसतं. २०२३ च्या जुलैत शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं त्यासाठी यूट्यूबवर स्वतःची वाहिनी सुरू केली. हे चित्र आणि आवाज समुद्राखालून केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंमधून जातात. या तंतूंच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक शीख शास्त्रज्ञ होते, नरिंदरसिंग कपानी. १९२६ मध्ये पंजाबात मोगा इथं जन्मले. डेहराडूनच्या शाळेत शिक्षकांनी सांगितलं, प्रकाश सरळ रेषेतच जातो. कपानींच्या मनानं घेतलं, का बरं? वळवून दाखवतो! १९५४ मध्ये लंडनहून त्यांनी नि त्यांचे प्राध्यापक हॉपकिन्स यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवल्याचं प्रसिद्ध केलं. तंतू वाकला तरी प्रकाश आतल्या आत आपटत पुढं जातच राहतो. पुढं अमेरिकेत कपानींनी १९६७ मध्ये शीख कला आणि विद्येसाठी संस्था काढली. डोक्यावरची पगडी अखेरपर्यंत होती. ही गोष्ट वाचल्यापासून मी वर्गात ‘असंच असतं’ असं ठामपणे सांगताना जरा जपून असते.

आता चंदीगडला जाऊ. ग्रंथाच्या जुन्या, फाटलेल्या प्रती रद्दीत घालायच्या नाहीत, तर माणसाला देतात तसा मान देऊन त्यांना अग्नी द्यायचा, अशी शिखांची रीत आहे. रीत चांगली, आदराची. पण त्या आदरापोटी दोन-दोनशे, तीन-तीनशे वर्षांच्या हस्तलिखित पोथ्याही जळून गेल्या. पानांवरची नक्षी, लिहिणाऱ्याचं वळण, सगळं गेलं. चंदीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी २००३ पासून अशा जुन्या पोथ्यांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवते. इथं यंत्र आदराच्या आड आलं नाही, पण वेळेवर आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

मग यंत्राला ‘नको’ कुठं म्हणायचं? तेही सांगते. गुरूंचं सोंग नटानं आणायचं नाही, हा शिखांचा जुना दंडक आहे. आता संगणकाला सांगितलं की तो कुणाचंही हलतंबोलतं चित्र करून देतो. गुरूंची अशी चित्रं निघाली, तेव्हा शिरोमणी कमिटीनं हरकत घेतली. आणि हा नवा हुशार संगणक कधी कधी ग्रंथात नसलेल्या ओळी ग्रंथातल्या म्हणून सांगतो, अगदी छातीठोकपणे! एखाददुसरी ओळ इकडंतिकडं झाली तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. त्यावर एक जुनी हकिकत ऐका. सातव्या गुरूंचा, हरराय यांचा थोरला मुलगा रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. तिथं ग्रंथातल्या एका ओळीचा अर्थ विचारला गेला. बादशहा रागावू नये म्हणून रामरायनं त्या ओळीतला एक शब्द बदलून सांगितला. फक्त एक! ते कळल्यावर वडिलांनी त्याचं तोंड पाहिलं नाही. गुरुपद गेलं धाकट्या भावाकडे, हरकृष्णकडे. साल १६६१. हरकृष्ण तेव्हा पाच वर्षांचे होते.

हे बालगुरू पुढं दिल्लीला आले. तिथं देवीची साथ होती. देवी म्हणजे अंगभर फोड येणारा भयंकर आजार. आता तो जगातून गेलाय, पण तेव्हा घरंच्या घरं ओस पडायची. हरकृष्णांनी रोग्यांची सेवा केली, त्यांना पाणी दिलं, अशी शिखांची आठवण आहे. शेवटी त्यांनाही देवी आल्या आणि १६६४ मध्ये ते गेले. आठ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आमच्या शाळेत ते दुसरीत बसले असते.

त्यांचा अंत्यसंस्कार झाला तिथं दिल्लीत यमुनेजवळ गुरुद्वारा बाला साहिब आहे. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच आवारात एक रुग्णालय सुरू झालं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून साफ करावं लागतं. दर आठवड्याला दोनतीनदा, दर वेळी जवळजवळ चार तास. याला डायलिसिस म्हणतात. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही आणि खर्चानं घर बुडतं. या रुग्णालयात शंभराच्या आसपास खाटा, तेवढी यंत्रं, आणि उपचार फुकट. सुरू करताना बिल भरायची खिडकीच ठेवली नव्हती. लंगरात कुठं असते पैशाची खिडकी?

त्यानंतर महिनाभरातच करोनाची दुसरी लाट आली. माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत होती, रुग्णालयांत जागा नव्हती. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्यानं रस्त्यावरच ऑक्सिजनचे नळकांडे मांडले. आजारी माणसं गाडीत बसल्याबसल्या नाकाला नळी लावून श्वास घेत होती. खाट मिळेपर्यंत तेवढा आधार. याला लोकांनी नाव दिलं, ‘ऑक्सिजनचा लंगर’. यात लाटायला रोटी नव्हती, घासायला ताट नव्हतं. नळकांडं, झडप, नळी. सगळी यंत्रंच. पण ते नळकांडं उचलून आणणारा, नळी लावणारा, आपल्यालाही रोग होईल हे माहीत असून गाडीच्या दारात उभा राहणारा माणूसच होता.

तर आमच्या नांदेडच्या मैत्रिणी, तुझ्या दादाला सांग, की त्याचा हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. जेवणारे त्यानं मोजले, लाटणारे मोजायचे राहिले. आजीला काय सांगायचं, ते मात्र मी ठरवणारच होते, तेवढ्यात पत्राचं शेवटचं पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला पेन्सिलनं, घाईघाईत लिहिलंय:

“ताई, एक सांगायचं राहिलं. यंत्रातून रोट्या पडतात तिथं तूप लावायला बायका बसल्या होत्या. आजी रागारागात त्यांच्यात जाऊन बसली ती तासभर उठलीच नाही. त्या यंत्राच्याच रोट्यांना तूप लावत होती. आमची गाडी चुकता चुकता राहिली.”

त्या तासभरात दादा काय करत होता, हे पत्रात कुठंच नाही. मी तिला उलट टपाली विचारलंय.

तुमची,
ताई